इस्तालिफची ताटली

केंद्रातल्या फरिश्ताचा फोन आला तेव्हा झेवर खाला खिडकीपाशी बसून तांदूळ निवडत होती. विनिपेगच्या दुकानातल्या तांदळात खडा सापडत नाही, हे इतक्या वर्षांत तिला कळून चुकलं होतं. तरी ती निवडायची. न निवडता तांदूळ शिजवायचा म्हणजे दुकानदाराच्या शब्दावर विसंबायचं, आणि तिने जन्मात कुणाच्या शब्दावर विसंबून भांडं चढवलं नव्हतं. बाहेर गाड्या लावायच्या जागेतला बर्फाचा ढिगारा मार्चअखेरच्या उन्हात काळा पडून खचत चालला होता. हिवाळाभर हरवलेल्या वस्तू त्यातून वर येत होत्या. एक लाल हातमोजा, मोडक्या दांड्याचं फावडं, कुणाच्या तरी तान्ह्याचा एक बूट. खालाला त्यातल्या प्रत्येक वस्तूचा मालक ठाऊक होता. पण नेऊन कोण देणार? हरवणाऱ्याने यावं आणि विचारावं, असं तिचं मत होतं.

"खाला जान, तुमच्या वर राहणारी अनारगुल फोनच उचलत नाही," फरिश्ता म्हणाली. तिच्या मागे दुसरे फोन वाजत होते. "आमच्याकडे मार्चअखेर चालू आहे. जी माणसं आता स्वतःच्या पायावर उभी आहेत, त्यांच्या फायली बंद करायच्यात. तिचं कसं आहे? मी येऊन बघून जाऊ, की ठीक आहे ती?"

खालाने मान वर करून छताकडे बघितलं. या इमारतीतले मजले लाकडी. वर कुणी सुई टाकली तरी खाली कळावं. वर कुणीतरी चालत होतं. एक पाऊल पडायचं, मग दुसरं घासत यायचं. एक पडायचं, दुसरं घासायचं. महिनाभर असंच चाललं होतं, आणि सपाता ओढत चालणाऱ्या बायकांबद्दल खालाचं मत वाईट होतं.

"आहे की घरात," ती म्हणाली. "चालताना ऐकू येते."

"मग बंद करू फाईल?"

"कर. मला विचारतेस ना? ठीक आहे ती."

फरिश्ताने आभार मानले, दोनदा मानले, आणि फोन ठेवला. खालाने ताटातला तांदूळ बोटाने सारखा केला. तिच्या एका शब्दाला केंद्रात वजन होतं, याचं तिला आता नवल वाटत नसे. केंद्राचं काम नव्याने येणाऱ्यांना विमानतळावरून आणायचं, घर बघून द्यायचं, डॉक्टर आणि शाळा दाखवायची, आणि पुढे वर्षभर ती माणसं उभी आहेत की पडलीत हे बघायचं. माणसं भाराभर, बघणाऱ्या पोरी मूठभर. त्यामुळे या इमारतीपुरतं बघायचं काम आपोआप झेवर खालाकडे आलं होतं. पगार नव्हता. पण नवरोजला हॉलमध्ये कुणी कुठे बसायचं, चर्चमागच्या सामाईक बागेतला वाफा कुणाला द्यायचा, नवीन आलेलीला पहिल्या दिवशी काय सांगायचं, हे सगळं तिच्या तोंडून ठरत असे. पगारापेक्षा हे तिला बरं वाटे. पगार संपतो.

अनारगुलवर तिचा राग होता. राग एका ताटलीवरून होता.

अनारगुल नोव्हेंबरात आली होती. पन्नाशीची बाई, एकटी. नवरा कधीच गेलेला, एक मुलगी लग्न होऊन क्वेट्यात. आली त्याच आठवड्यात खालाने रीतीप्रमाणे गंदन्याची, म्हणजे लसणीसारख्या हिरव्या पातीची, सारण भरलेली बोलानी लाटली, तव्यावर कुरकुरीत भाजली आणि वर घेऊन गेली. ती नेली मात्र इस्तालिफच्या कुंभारांनी घडवलेल्या निळ्या ताटलीत. खालाच्या मेलेल्या नवऱ्याने काबूलच्या बाजारातून आणलेली ती ताटली. जागोरीहून क्वेट्याला आणि क्वेट्याहून इथे, तीन सदऱ्यांत गुंडाळून आलेली, काठाला एक टवका उडालेली. एरवी ती भिंतीवर असे. खाली नेहमीच्या ताटल्या होत्या. पण अनारगुल जागोरीची, खालाच्या माहेरच्या दरीपलीकडची, म्हणून त्या दिवशी खालाचा हात निळ्या ताटलीकडे गेला. बोलानी देताना तिने नव्या बाईला इथल्या चार गोष्टीही सांगितल्या. कचरा कुठल्या डब्यात, नळाचं गरम पाणी कसं सोडायचं, आणि अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचलायचा नाही, सरकारचं नाव सांगून लुबाडतात.

ताटली रिकामी परत जात नाही. हा नियम जागोरीत होता, क्वेट्यात होता आणि बर्फात येऊनही मऊ पडला नव्हता. ज्याच्या घरी ताटली गेली, त्याने तिच्यात काहीतरी घालून परत करायची. खिमा भरून वाफवलेले मंटू घाला, बेदाणे घाला, फार तर दोन अंडी. अट एवढीच की रिकामी नको. आणि दुसरा नियम असा की दिलेली ताटली मागायची नाही. मागणारी बाई कायमची हलकी ठरते. इमारतीत कुणाची ताटली कुणाकडे आहे, याचा हिशेब खालाच्या डोक्यात पक्का असे. तिसऱ्या मजल्यावरचं हे एक येणं तिला डिसेंबरभर छातीत काटा घुसल्यासारखं खुपत राहिलं.

समोरच्या दारातली कुलसूम तर टपूनच होती. "तुझी निळी ताटली दिसत नाही गं भिंतीवर," ती येता जाता म्हणायची.

"हवापालटाला गेलीय," खाला सांगायची. "वर हवा चांगली असेल."

मग जानेवारी आला. एका दुपारी इमारतीतली आगीची घंटा कोकलायला लागली. बाहेर थंडी अशी होती की श्वास घेतला तर नाकातले केस काडीसारखे ताठ व्हावेत. बायका पोरांना गोधड्यांत गुंडाळून खाली धावल्या. खाला मुलाचे जाड बूट पायात अडकवून उतरली. आगीचा बंब आला, माणसं कुऱ्हाडी घेऊन वर गेली आणि सगळ्या बिऱ्हाडांनी बर्फात उभं राहून दात वाजवले. सगळ्यात शेवटी अनारगुल खाली आली. हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. पायात मोज्यांशिवाय प्लॅस्टिकच्या चपला.

खालाने तिला वरून खालपर्यंत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "या नवरीबाई. मांडवात निघाल्यासारखी चप्पल घालून आल्यात बघा. माणसांच्या ताटल्या गिळून पोट भरलं नाही, आता घर जाळायला निघाल्या."

थंडीत हसणं सोपं नसतं, पण बायका हसल्या. कुलसूम सगळ्यांत जास्त. अनारगुलने खाली बघितलं, पिठाचे हात ओढणीत लपवले आणि कचऱ्याच्या मोठ्या डब्याच्या आडोशाला, सगळ्यांपासून लांब जाऊन उभी राहिली. बंबवाले परत येऊन 'चला आत' म्हणेपर्यंत ती तिथेच होती. आग नव्हतीच, तेल धुरावलं होतं. झेवर खालाने त्या दिवशी पिठाचे हात बघितले होते आणि उघडे पायही बघितले होते. एवढी हिशेबी बाई, पण या दोन रकमांची बेरीज तिने केली नाही. तिने फक्त टोमणा काढला आणि तो चांगला बसला म्हणून संध्याकाळी सुनेलाही सांगितला.

नवरोजला हॉलमध्ये सगळी जमली तेव्हा अनारगुलला बोलावणं गेलं नाही. घरी तळलेले गोड बोसराग इमारतीत दारोदार वाटायचे होते. सून मासूमा हळूच म्हणाली, "खाला, वरच्यांना पण देऊ का थोडे?"

"कशात देणार? जाणाऱ्या ताटल्यांना परतायची वाट माहीत असावी लागते."

मासूमाने झाकण लावलं. बाकीच्या बायकांनीही वर पाठवणं सोडून दिलं. खालाने सोडलं म्हटल्यावर आपण कशाला, असा साधा विचार. आणि नवरोजनंतर थोड्याच दिवसांनी फरिश्ताचा तो फोन आला, आणि खाला म्हणाली, ठीक आहे ती.

एप्रिलात रेड नदीवरचा बर्फ फुटला. रस्त्यांत हिवाळ्यात टाकलेली वाळू वर आली, गाड्या खड्ड्यांत आपटू लागल्या, आणि केंद्राने दरवर्षीप्रमाणे चर्चच्या तळघरात वसंताचा मेळावा भरवला. वापरलेले कोट परत घेतले, जुन्या सायकली वाटल्या, चहा आणि मोठ्या कढईतला भात झाला. मग बागेतले वाफे वाटायची वेळ आली. सगळ्या बायका याच्यासाठीच तर येत. वाफा म्हणजे फळ्यांच्या चौकटीत भरलेली माती, आडवं झोपलं तर पाय बाहेर येतील एवढी. पण तिच्यावरून भांडणं जमिनीसारखीच होत.

फरिश्ताने नावं सांगितली. खालाचा नेहमीचा वाफा तिला मिळाला. शेजारचा, उन्हातला, गंदन्याला अगदी योग्य, तो मिळाला अनारगुलला.

"ती आलेली नाही," खाला लगेच म्हणाली.

"मीच घातलं तिचं नाव, नोव्हेंबरातच," फरिश्ता म्हणाली. "विमानतळावरून आणताना मी तिला म्हटलं, काही विचारायचंय का. सगळे पैशाचं विचारतात, घराचं विचारतात. ही म्हणाली, इथे माती कधी दिसते?"

खालाला हे ऐकून काही वाटलं, पण ते काय होतं हे तिने फार खणलं नाही. तिचा डोळा वाफ्यावर होता. नको असेल तर बाईने तसं सांगायला हवं, नाहीतर जागा वाया जाईल, असं फरिश्ताचं म्हणणं. "मीच विचारते," खाला म्हणाली. वाफ्याचं निमित्त अगदी सरळ होतं. ताटली मागता येत नाही, पण वाफ्याचं विचारायला गेलेल्या बाईच्या नजरेला ताटली पडली, तर तो काही मागणं नव्हे. एका फेरीत दोन वसुल्या होणार होत्या.

जिना चढताना तिच्या लक्षात आलं की काही दिवसांपासून वरून पाऊल ऐकू आलंच नव्हतं. नुसतं घासणं यायचं, कधी तरी. तिने दार वाजवलं.

"कोण?" आवाज आला, पण तो माणूस उभा असताना येतो तिथून आला नाही. जमिनीलगत आला.

"मी झेवर. खालची."

बराच वेळ आत काही सरकत राहिलं. मग कडी निघाली. अनारगुल जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, एक हात अजून कडीशी. तोंड निम्मं झालं होतं. आतून वास आला. खालाने क्वेट्यात नवऱ्याला शेवटच्या आजारात सांभाळलं होतं. तो वास कशाचा हे तिला विचारावं लागलं नाही.

तिची नजर सवयीने खोलीभर फिरली. शेगडीवर चादर घातलेली होती, चारी कोपरे नीट खोचून, मेलेल्या माणसाला झाकावं तशी. खिडकीखाली खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या होत्या, त्यांच्यावर दुकानातले गोठवलेले नान वितळायला ठेवलेले. शेजारी विजेची किटली. आणि खिडकीच्या फळीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल, सपाट.

"ताटली न्यायला आलात ना," अनारगुल म्हणाली. "वाट बघत होते. लाज वाटत होती आणि वाटही बघत होते."

"वाफ्याचं विचारायला आले होते," खाला म्हणाली. आणि म्हणता म्हणताच ते वाक्य तिलाच किती फालतू वाटलं.

"रिकामी कशी आणून देऊ? आले तेव्हा घरात कढई नव्हती. केंद्राने दिली ती नाताळनंतर. मग त्या दिवशी बोसराग तळत होते, तुमच्या ताटलीत घालायला. तेल तापलं जास्त आणि ते छतावरचं यंत्र ओरडायला लागलं. त्यानंतर शेगडी पेटवायची छातीच झाली नाही, खाला. पुन्हा सगळ्यांना बर्फात कोण उभं करणार."

"साखर घालून द्यायची होतीस. मूठभर."

"पहिली ताटली. आणि ती निळी. साखर घालून?"

खालाचं स्वतःचं उत्तरही हेच आलं असतं. साखर घालून आलेल्या निळ्या ताटलीची गोष्ट तिने कुलसूमला वर्षभर सांगितली असती.

"पाय दाखव," ती म्हणाली.

"काही नाही. दुखत नाही."

"दाखव म्हणते ना."

डाव्या पायावर ओढणी गुंडाळलेली होती. खालाने ती सोडली. बोटं काळी होती, कोळशासारखी कोरडी काळी, आणि काळेपणाच्या वर घोट्यापर्यंत लाल, सुजलेलं, ओलं. अनारगुल ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं बघत होती. तिला साखरेचा आजार होता. पायातलं कळणं कधीच गेलं होतं. आणलेल्या गोळ्या फेब्रुवारीत संपल्या. नव्या मागायच्या तर फोन करून इंग्रजीत बोलायचं, आणि ते तिला येत नव्हतं.

"कधीपासून?"

"त्या दिवशी बर्फातून आल्यावर पांढरी झाली होती बोटं. मग निळी. मला वाटलं, गरम होतील तशी येतील."

"अगं, फरिश्ता फोन करून करून दमली तुला."

"तिचा नंबर निराळाच यायचा," अनारगुल म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट शहाण्या बाईसारखं वागल्याचं समाधान होतं. "तुम्हीच सांगितलं होतंत ना, अनोळखी नंबर उचलायचा नाही."

रुग्णवाहिकेची माणसं तिला खुर्चीला पट्ट्यांनी बांधून जिन्यावरून खाली घेऊन गेली तेव्हा सगळी दारं उघडली होती. कुलसूम ओढणीचा पदर नाकाला लावून उभी होती. "अगंबाई, आजारी होती ही?" ती म्हणाली, आणि मग खालाकडे वळून, "तुझ्या तर डोक्यावर राहते. तुला नाही कळलं?"

ऐकू येत होतं, असं खालाच्या तोंडावर आलं होतं. ते तिने गिळलं आणि जिना उतरू लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वरून काढला. आधी आणली असती तर बोटांवर भागलं असतं, असं दुभाष्याने सांगितलं. दुभाष्याला गाळून सांगता येत नाही. बाहेरच्या लांब बाकावर फरिश्ता रडत बसली होती. "मी स्वतः यायला हवं होतं, खाला जान. मार्चअखेर म्हणून मी उरकलं सगळं. फाईल मी बंद केली."

बोलायची वेळ हीच होती. खालाला ते कळत होतं. त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "तू तरी किती जणांना पुरणार." एवढंच म्हणाली. चूक कुणाच्या ना कुणाच्या नावावर पडणारच होती. फरिश्ताने स्वतःहून आपलं नाव पुढे केलं होतं आणि खालाने ती तिथे पडू दिली. घरी येताना बसमध्ये तिने खिडकीतून एकदाही बाहेर बघितलं नाही. गावात कुणाची सायकल कुठे उभी आहे हे बसमधून टिपणारी बाई ती.

दुसऱ्या दिवशी तिने मऊ आश, शेवयांचं सूप, शिजवून डब्यात भरलं आणि सोबत एक लहान बोलानी, वरून आणलेल्या त्याच निळ्या ताटलीतून, दवाखान्यात नेली. अनारगुलने दोन घास खाल्ले. चादर एका बाजूला सपाट होती, तिथे दोघींपैकी कुणी बघत नव्हतं. क्वेट्यातल्या मुलीशी बोलणं झालं का, खालाने विचारलं. झालं होतं, पायाचं सांगितलं नव्हतं. थोडा वेळ दोघी जागोरीतल्या जर्दाळूंबद्दल बोलल्या, कुठल्या गावचे गोड यावरून थोडं भांडल्याही.

तिसऱ्या दिवशी खाला पुन्हा गेली तेव्हा ताटली पलंगाजवळच्या फळीवर तयार होती. नर्सकडून धुवून घेतलेली. आत दवाखान्याच्या न्याहारीतल्या जॅमच्या चिमुकल्या डब्या, लोण्याचे दोन चौकोन आणि बिस्किटांचं एक पुडकं, सगळं गोल मांडलेलं.

"घ्या," अनारगुल म्हणाली. ताप चढलेला होता, डोळे चकाकत होते. "आता नाही ना रिकामी? आता मला बोलायचं नाही कुणी."

खाला हसली. ताटली दोन्ही हातांवर धरून ती बसने घरी आली, जॅमची एकही डबी न सांडता, आणि ती तशीच खिडकीत ठेवली. आता खालाने भरून पाठवायची होती. भरून म्हणजे कशी, हे तिने बसमध्येच ठरवलं होतं. मंटू. बारीक कांद्याचे, वर दही, वर पुदिना.

शुक्रवारी मासूमा मंटूच्या भांड्याला वाफ धरायला ठेवत होती तेव्हा फोन आला. विष रक्तात गेलं होतं. सकाळीच गेली, असं फरिश्ता म्हणाली. मंटू शिजून तयार झाले. ते कुणी खायचे हे कुणी विचारलं नाही. शेवटी मयताला जमलेल्या पुरुषांच्या पानात गेले, आणि पुरुष म्हणाले, छान झालेत.

समाजातल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायचं काम झेवर खालाचंच. इतक्यांना घातली होती तिने. हाताला क्रम पाठ होता. उजवी बाजू, मग डावी. उजव्या पायावरून पाणी उतरलं. मग तिचा हात सवयीने डावीकडे आला, आणि मांडीखाली गेलेलं पाणी कुणाच्याही अंगावर न पडता नुसतं लोखंडी मेजावर सांडत राहिलं. बरोबरच्या कुलसूमने तोंड फिरवलं. खालाने भांडं तसंच धरून ठेवलं होतं. मासूमाने ते तिच्या हातून काढून घेतलं.

क्वेट्याहून मुलीचा फोन खालाच्याच फोनवर आला. पोरगी रडून संपली होती. तिने एकच विचारलं, "खाला, आई तिथे एकटी होती का हो?"

"नाही गं," खाला म्हणाली. "आम्ही होतो ना सगळ्या."

कबरस्तानातली माती नुकतीच मऊ झाली होती. जानेवारी असता तर कुदळ लागली नसती, नशीब म्हणायचं, असं कुलसूम परतताना म्हणाली. यावेळी तिच्या बोलण्यावर खालाकडून काहीच टोला आला नाही, तेव्हा कुलसूमच घाबरल्यासारखी भराभर पुढे चालू लागली.

शेजारचा वाफा खालाला मिळाला. फरिश्ताने तो आपणहून दिला, तुम्हीच तिच्यासाठी एवढं केलंत म्हणून. खालाने नाही म्हटलं नाही. गंदना लावला. अशी दाट, काळीशार पात आली की बागेत येणारे जाणारे थांबून बघत. निळी ताटली मात्र खिडकीतच राहिली, जॅमच्या डब्या तशाच मांडलेल्या. मासूमाने एकदा पुसायला हात लावला, सासूचा चेहरा बघितला आणि शेजारची काच पुसून निघून गेली.

जूनमध्ये वरच्या घरात सुदानहून एक कुटुंब आलं. बाईचं नाव इख्लास. उंच, बुजरी, केंद्राच्या वर्गात शिकवतात तेवढं इंग्रजी बोलणारी. वरून पुन्हा पावलं ऐकू येऊ लागली, लहान मोठी, बरीच. खालाने नव्या गंदन्याची बोलानी केली आणि दुकानातून आणलेल्या कागदी ताटलीत घालून वर नेली. कागदी ताटल्यांतून फराळ पाठवते म्हणून तिने कुलसूमला किती वर्षं सळो की पळो केलं होतं. त्या दिवशी जिन्यात कुलसूमने ती ताटली बघितली आणि एक शब्द बोलली नाही. खाला दारातूनच परतली. हावभावांनी आणि तुटक्या इंग्रजीत तिने दोनदा बजावलं, ही टाकून दे, परत करायची नाही, खाऊन टाकून दे. इख्लासने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात इख्लास उभी होती. हातात तीच कागदी ताटली. तिने ती धुतली होती. धुवून, पुसून, बहुतेक उन्हात वाळवूनही, आणि कागद फुगून वेडावाकडा झाला होता. त्यावर खजूर रचलेले होते, आणि ताटली मधोमध वाकू नये म्हणून तिने खालून दुसऱ्या हाताचा पंजा पसरून धरला होता.

झेवर खालाने खजुरांकडे बघितलंच नाही. तिने आधी खाली बघितलं. पायात प्लॅस्टिकच्या चपला होत्या. बाहेर रणरणतं ऊन होतं, पोरं नळाखाली भिजत होती, आणि त्या चपलांत तसं गैर काहीच नव्हतं.

ताटली घेऊन तिने आत ठेवली, निळीच्या शेजारी. मग कोपऱ्यातलं कपाट उघडून ती बराच वेळ खडखडाट करत राहिली आणि मासूमाचे जुने, आत लोकर असलेले हिवाळी बूट काढून आणले. ते तिने इख्लासच्या हातात कोंबले. इख्लासने बुटांकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं आणि म्हाताऱ्या माणसाला दुखवू नये म्हणून जपून हसली. थंडीला अजून पुष्कळ अवकाश आहे, असं तिने मोडकंतोडकं सांगितलं.

"आहे," खाला म्हणाली. "घालून दाखव."